वच्छलाबाईंनी बासुंदी परत पाठवली

चिंचकुंड गावी निजबोध महाराज पिंपळाच्या पारावर मुक्कामाला होते, तेव्हाची ही लीला. भाविकांनी सावध चित्ताने ऐकावी, आणि शक्यतो जेवून ऐकावी.

गावात वच्छलाबाई नावाची एक भाविक स्त्री राहत असे. यजमान पोती शिवायचे, घरात खाणारी तोंडं नऊ, आणि मिळकत अशी की मंगळवारच्या बाजारात पिशवी भरली की पुढच्या मंगळवारपर्यंत तीच. पण बाईंनी आजवर कुणाकडे वाटीभर पीठ उसनं मागितलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

बाजार करून आल्या की त्या महाराजांपुढे हात जोडून उभ्या राहत. इतर लोक स्तोत्र म्हणत. बाई आठवड्याचा बेत म्हणत.

"आज मेथी. बुधवारी वरण, उरेल त्यात गुरुवारी वरणफळं. शुक्रवारी शिळ्या भाकरीचा ताकातला काला, आणि मटकी भिजत घालायची. शनिवारी पिठलं. रविवारी मटकीची उसळ. सोमवारी डबे झाडून थालीपीठ."

महाराज डोळे मिटून ऐकत. वरणफळांपाशी त्यांना गहिवरून येई.

एकदा गावचे धनिक आबासाहेब मोकाशी तिथं बसले होते. कोठारं भरलेली, पण घरात आज काय शिजतंय हे त्यांना पान वाढल्यावरच कळे. ते खो खो हसले. "काय हो वच्छलाबाई, मटकी कधी भिजवायची हे देवाला कशाला सांगता?"

"त्यालाही ठाऊक हवं, आबासाहेब. नाहीतर भलत्या दिवशी भलतंच देतो."

"असं? मग येत्या सोमवारी महाराजांचा प्रसाद तुमच्याकडेच! अख्खं गाव येईल. पीठ कमी पडलं तर परात घेऊन या आमच्या दारी. लाजू नका."

बाईंचा चेहरा उतरला. सोमवार म्हणजे डब्यांचा तळ! पण महाराज डोळे न उघडताच म्हणाले, "येऊ."

सोमवारी अंगणात पंगत बसली. बाईंनी आत डबे उपडे करून थोपटले. ज्वारी, बाजरी, बेसन, सगळं मिळून एका थालीपिठापुरतं निघालं. यजमान हळूच म्हणाले, "मोकाश्यांकडे जाऊन येऊ का?"

"जाऊन तर बघा," बाई म्हणाल्या, आणि यजमान खाली बसले.

बाईंनी थालीपीठ तव्यावर टाकलं आणि दारात बसलेल्या महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी हात उचलला.

आणि काय सांगावं! रिकामे डबे खदखदू लागले. आंबेमोहोर भात आला, तूप आलं, पाठोपाठ केशरी बासुंदी उतू जाऊन उंबऱ्याकडे निघाली. गावानं जयजयकार केला.

"थांबा महाराज!" बाई कडाडल्या. "आज थालीपीठ आहे."

महाराजांचा हात हवेतच राहिला.

"बासुंदी कुणी सांगितली होती? पोरांनी आज ही खाल्ली तर बुधवारचं वरण त्यांच्या घशाखाली उतरेल का? द्यायचंच तर ठरल्यातलं द्या."

महाराजांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. "चुकलं, माय," म्हणाले.

लगेच भात आणि तूप डब्यांत शिरून नाहीसे झाले. बासुंदी पुढे निघालेलीच होती. ती उंबरा ओलांडून, पंगतीला बगल देऊन, मान खाली घालून गल्लीत वळली.

बाईंनी थालीपिठाचा तुकडा मोडून महाराजांना वाढला. थालीपीठ होतं तेवढंच! पुन्हा मोडला. पुन्हा तेवढंच! गाव पोटभर जेवलं, आणि तव्यावरचं थालीपीठ जसंच्या तसं, कडेनं कुरकुरीत. बाई ताठ मानेनं वाढत होत्या.

इतक्यात मोकाश्यांची सून धापा टाकत आली. "मामंजी, घरात बासुंदी शिरलीय! कोठारात गुडघाभर झाली, अजून येतेच आहे. सासूबाई पाटावर चढून विचारताहेत, काय करायचं?"

आबासाहेब पंगतीतून उठले. त्यांनी महाराजांचे पाय धरले. "आवरा, महाराज!"

महाराज म्हणाले, "आम्हाला नुसतं वाढवता येतं, आबासाहेब. पुरवायचं कसं, ते या माउलीला विचारा."

सगळ्यांदेखत मोकाश्यांनी वच्छलाबाईंपुढे डोकं टेकवलं. "बाई, तुम्हाला हसलो, चुकलो. सांगा, काय करू?"

बाईंनी उलथनं खाली ठेवून पदर खोचला. "उद्या घरोघरी तांब्या-तांब्या वाटा. उरेल ती आटवा. बुधवारी वड्या थापा."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी साधं वरण. पोटाला विसावा नको?"

आबासाहेबांनी पुन्हा डोकं टेकवलं, आणि त्याच पुण्यक्षणी त्यांच्या घरची बासुंदी थांबली.