सगुणाकाकूंची बोलणी

नदीकाठच्या एका गावात सगुणाकाकू नावाच्या वृद्ध बाई वारल्या. काकूंना मागेपुढे कोणी नव्हते, म्हणून शोकसभा गावानेच भरवली. वयोवृद्ध शास्त्रीबुवा अध्यक्ष होते. बोलायला त्यांचा शिष्य उभा राहिला. तो गावात नवा होता, पण भाषण त्याने मोठ्या श्रद्धेने तयार केले होते.

"काकू म्हणजे मूर्तिमंत माधुर्य! त्यांच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही..."

सभेत कोणीतरी खुदकन हसले. मग आणखी कोणी. शिष्य गोंधळून थांबला.

शास्त्रीबुवांनी त्याला खाली बसवले आणि सभेला विचारले, "काकूंची बोलणी कोणी कोणी खाल्ली आहेत? हात वर करा."

शिष्य चपापला. गेलेल्या माणसाचे असे उणे काढायचे? पण हात वर होऊ लागले. पहिला हात खुद्द बुवांचाच होता.

रंगनाथ शिंपी उठला. "मी दारू प्यायचो, तेव्हा काकूंनी भर बाजारात माझी गचांडी धरली. 'मेल्या, बायको उपाशी निजते आणि तू झोकांड्या खातोस?' म्हणाल्या. पण नंतर रोज सकाळी दारात उभ्या. मला दुकानात बसवूनच घरी जायच्या. दारू सुटेपर्यंत येत राहिल्या."

मग कुमुद उठली. ती इस्पितळात नर्स होती. "मी नववीत असताना माझं लग्न लावत होते. काकू मांडवात शिरल्या आणि आमच्या अण्णांना म्हणाल्या, 'अरे, पोर अजून शाळेत जातेय! अक्षता टाकायच्या तर आधी मला उचलून बाहेर टाक.' लग्न मोडलं. त्यानंतर किती घरांनी काकूंना शुभकार्याला बोलावणं सोडलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला शाळेत सोडायला मात्र यायच्या."

शिष्याने हळूच विचारले, "बुवा, हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

बुवा म्हणाले, "तू विचारलं नाहीस, बाळ. तुला वाटलं, गेलेल्या माणसाला गोड म्हटलं की त्याचा मान राखला जातो. पण समोरचा आपल्याशी संबंध तोडेल हे ठाऊक असूनही त्याच्या हिताचं बोलायचं, आणि बोलून झाल्यावर त्याचा हात सोडायचा नाही, याला फार मोठी माया लागते. काकूंनी गावाचा राग सोसला, म्हणून यांची आयुष्यं उभी राहिली. आज त्यांना मधुर म्हणून मोकळे झालो, तर त्यांनी सोसलेलं सगळं पुसून टाकल्यासारखं होईल. त्या जशा होत्या तशाच आठवू या. त्यांचं आपल्यावरचं ऋण त्या बोलण्यांतच आहे."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. ते कुमुदचे वडील, अण्णा होते. मांडवातल्या त्या दिवसापासून ते काकूंशी बोलले नव्हते. काकूंच्या तसबिरीपुढे येऊन त्यांनी हात जोडले.

"काकू, पोर दवाखान्यात कामाला निघाली की रोज वाटायचं, तुमच्या घरी यावं, पाया पडावं. पण धीर झाला नाही."

कुमुदने त्यांचा हात धरला. शिष्य उठला आणि त्या दोघांच्या मागे हात जोडून उभा राहिला.

आपल्याला असे खडसावणारे कोणी अजून हयात असेल, तर आजच त्यांच्या घरी जाऊन यावे.