मोहरी आणि शेपट्यांची आगगाडी

मोहरीला वाटलं होतं, घरी आगगाडी तयार असेल.

शेपट्यांची आगगाडी!

मोहरी म्हणजे चिचुंद्रीचं पिल्लू. नाक लांब. डोळे मिचमिचे. लांबचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग चिचुंद्रीची पिल्लं बाहेर कशी जातात? पुढच्याची शेपटी तोंडात धरतात. पुढचा त्याच्या पुढच्याची धरतो. सगळ्यांत पुढे आई. झाली आगगाडी! झुकुझुकु झुकुझुकु!

मोहरी आठ दिवस मावशीकडे राहून आली. मावशीचं घर पिठाच्या गिरणीत. तिथे सात मावसभावंडं. सातही शहाणी. हाक मारली की गाडी तयार. मोहरीला फार आवडलं. तिने तर येताना भाषण पाठ केलं. "माझ्या ताईंनो, माझ्या दादांनो, आपण एक होऊ या!"

मोहरीचं घर किराणा दुकानात. पोत्यांच्या मागे. आईने पोरांची नावंही पोत्यांवरूनच ठेवली. थोरला नारळ. मग सुपारी. मग वाटाणा. मग मिरी. आणि सगळ्यांत धाकटी मोहरी.

मोहरी दारात आली. पांढरीफटक! नाकापासून शेपटीपर्यंत पीठच पीठ. पाऊल टाकलं की पीठ उडायचं. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

पण घरी गाडी कुठे होती?

चार भावंडं चार कोपऱ्यांत. चौघांचे गाल फुगलेले.

"माझ्या ताईंनो, माझ्या दादांनो..." मोहरीने सुरुवात केली.

"भूऽऽत!" मिरी किंचाळली.

"भूत कसलं? आपली मोहरी ती," आई म्हणाली. "बरं झालं आलीस, बाळा. ऐका रे सगळे! दुकानदार हणमंतशेठ जेवून झोपलेत."

घुर्रर्र... पीं! घुर्रर्र... पीं!

"गुळाच्या ढेपेवर मुंगळे आलेत. गोड गोड मुंगळे! शेठ घोरतायत तोवर ते आपले. शेठ उठले की ढेपेवर झाकण! पण आधी गाडी करा. ज्याच्या तोंडात शेपटी नाही, तो घरात."

मुंगळे! मोहरीचं पोट बोललं, गुडगुड गुडगुड.

मोहरी मिरीकडे गेली. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

"मिरीताई, मिरीताई, शेपटी दे ना!"

"नाही देणार जा!" मिरी म्हणाली. शेपटी गोल गुंडाळून तिच्यावरच बसली. "वाटाण्याने माझं बटण घेतलंय. लाल बटण. आधी त्याने बटण द्यायचं. मग मी शेपटी देईन."

"बरं," मोहरी म्हणाली.

मोहरी वाटाण्याकडे गेली. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

"वाटाणादादा, वाटाणादादा, बटण दे ना!
मिरीताई शेपटी देईना,
मग मी बाहेर जाऊ कशी?"

वाटाण्याने बटण डोक्यावर ठेवलं होतं. टोपीसारखं.

"नाही देणार जा!" वाटाणा म्हणाला. "सुपारी मला चिडवते. सकाळपासून गाणं म्हणते. आधी तिने गाणं थांबवायचं. मग मी बटण देईन."

"बरं," मोहरी म्हणाली.

मोहरी सुपारीकडे गेली. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

सुपारी डोळे मिटून गात होती.

"वाटाणा, वाटाणा,
ढेकर देतो मोठा ना!
आणखी देतो, ढुर्रर्र!"

"सुपारीताई, सुपारीताई, गाणं थांबव ना!
वाटाणादादा बटण देईना,
मिरीताई शेपटी देईना,
मग मी बाहेर जाऊ कशी?"

"नाही थांबवणार जा!" सुपारी म्हणाली. "माझ्या मऊ पोत्यावर नारळ बसलाय. मला बसायला जागा नाही. मग मी उभ्याउभ्या काय करू? गाणंच म्हणणार! आधी त्याने उठायचं. मग मी गाणं थांबवीन."

"बरं," मोहरी म्हणाली. मागून आलंच, ढुर्रर्र!

घुर्रर्र... पीं! शेठ अजून घोरत होते.

मोहरी नारळाकडे गेली. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

नारळ पोत्यावर बसला होता. एवढा मोठा नारळ, एवढंसं पोतं. अर्धा नारळ पोत्यावर, अर्धा बाहेर.

"नारळदादा, नारळदादा, ऊठ ना!
सुपारीताई गाणं थांबवेना,
वाटाणादादा बटण देईना,
मिरीताई शेपटी देईना,
मग मी बाहेर जाऊ कशी?"

"नाही उठणार जा!" नारळ म्हणाला. "नेहमी मीच का उठायचं? नारळा, तू मोठा ना, ऊठ. नारळा, तू मोठा ना, दे. नारळा, तू मोठा ना, गप बस. मोठ्याला कुणी कुशीत घेतं का? घेत नाही!"

नारळाचं नाक थरथरलं. त्याने हळूच सांगितलं, "आधी आईने मला कुशीत घ्यायचं. मग मी उठेन. आणि हे त्या वाटाण्याला सांगू नकोस."

"बरं," मोहरी म्हणाली.

मोहरी आईकडे गेली. लुटुलुटु लुटुलुटु, फुस्स!

"आई, आई, नारळदादाला कुशीत घे ना!
नारळदादा पोत्यावरून उठेना,
सुपारीताई गाणं थांबवेना,
वाटाणादादा बटण देईना,
मिरीताई शेपटी देईना,
मग मी बाहेर जाऊ कशी?"

"अगंबाई!" आई म्हणाली. "माझ्या नारळाला कुशीत यायचंय? घेते की! पण मला वेळ कुठे आहे? इकडून पीठ पुसते, तिकडून पीठ पुसते. तू चाललीस की पुन्हा पीठ! मागे बघ."

मोहरीने मागे बघितलं. जमिनीवर पिठाची पांढरी रेघ. दारापासून मिरीपर्यंत. मिरीपासून वाटाण्यापर्यंत. वाटाण्यापासून सुपारीपर्यंत. सुपारीपासून नारळापर्यंत. नारळापासून आईपर्यंत.

"शेठ उठतील, रेघेवरून थेट आपल्या घरात येतील," आई म्हणाली. "आधी तू अंघोळ करायची. मग मी पुसणं थांबवीन. मग नारळाला कुशीत घेईन."

"अंघोळ?" मोहरी दोन पावलं मागे सरली. फुस्स! फुस्स! "नाही करणार जा! पाणी गार असतं! आधी... आधी..."

मोहरीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आधी कोणी?

"आधी मिरीताईने शेपटी द्यायची! मग मी अंघोळ करीन!"

"असं का?" आई म्हणाली आणि एकेक नख मोजू लागली.

"मिरी शेपटी देईना. का?
तर वाटाणा बटण देईना.
का? तर सुपारी गाणं थांबवेना.
का? तर नारळ पोत्यावरून उठेना.
का? तर आई कुशीत घेईना.
का? तर..."

आई थांबली. मोहरीकडे बघत राहिली.

मोहरीनेही मोजलं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तर... मोहरी अंघोळ करेना?"

"हं!"

"ई! यात मी कुठून आले?"

"पिठाच्या गिरणीतून," आई म्हणाली.

घुर्र... पी... घुर्र... शेठचं घोरणं बारीक होऊ लागलं. शेठनी एक कूस बदलली. आता उठतील!

मोहरीने डोळे घट्ट मिटले. "आईऽऽ! घाल गं लवकर अंघोळ!"

दुकानात पाण्याचा माठ होता. माठ गळका. आईने मोहरीला माठाखाली उभं केलं.

टप! एक थेंब पडला. पिठात पाणी, झाली कणीक! मोहरीची झाली गोळी.

टप! दुसरा थेंब पडला. आईने कणीक मळली.

"आई गं, माझी पोळी करतेस का?"

"तोंड मिट, नाहीतर साबण जाईल!"

"साबण कुठाय?"

टप! टप! टप! आणखी तीन थेंब. कणीक गेली वाहून. आत निघाली मोहरी. काळी काळी, चकचकीत.

"झाली?" मोहरीने विचारलं. "एवढीच असते अंघोळ?"

मग काय झालं?

मोहरीने अंघोळ केली,
आईने पुसणं थांबवलं.
आईने नारळाला कुशीत घेतलं. घेता घेता आडवीच पडली, एवढा तो मोठा! "माझा पहिला बाळ तू," ती त्याच्या कानात म्हणाली. नारळ हसला आणि पटकन पोत्यावरून उठला.

नारळ उठला,
सुपारी धप्पकन पोत्यावर बसली. मऊ मऊ! ती गाणंच विसरली.

सुपारी गाणं विसरली,
वाटाण्याने बटण दिलं. मिरीच्या डोक्यावर स्वतःच ठेवलं. "तुला जास्त शोभतं," तो म्हणाला आणि हळूच ढेकर दिला. ढुर्रर्र!

वाटाण्याने बटण दिलं,
मिरीने शेपटी सोडवली. गुंडाळून गुंडाळून शेपटीला गाठ बसली होती! चौघांनी मिळून ओढली. हेऽऽ! सुटली!

मिरीने शेपटी दिली,
मोहरीने ती तोंडात धरली. घट्ट!

आईच्या मागे नारळ. नारळाच्या मागे सुपारी. सुपारीच्या मागे वाटाणा. वाटाण्याच्या मागे मिरी. मिरीच्या मागे मोहरी.

झुकुझुकु झुकुझुकु! मिठाच्या पोत्याला वळसा. तेलाच्या डब्याखालून. गुळाची ढेप आली!

कुरुम कुरुम! कुरुम कुरुम! मोहरीने सात मुंगळे खाल्ले. मग पोटावर हात ठेवून आठवा खाल्ला.

हणमंतशेठनी एक डोळा उघडला. त्यांच्या पायाजवळून काहीतरी लांबलचक काळं चाललं होतं.

"अगं ए," त्यांनी बायकोला हाक मारली, "आपली सुतळी पळाली बघ!"

"झोपा हो गप," आतून आवाज आला. "सुतळीला काय पाय असतात?"

गाडी घरात शिरली. झुकुझुकु झुकुझुकु, ठुप्प!

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. सूर्य आला. आईने हाक मारली, "चला, गाडी करा!"

नारळाने आईची शेपटी धरली. सुपारीने नारळाची धरली. आणि वाटाणा मागे सरला.

"मी नाही सुपारीची शेपटी धरणार," तो म्हणाला. "तिच्या शेपटीला वास येतो!"

"आपण चिचुंद्र्या आहोत," मिरी म्हणाली. "सगळ्यांच्याच शेपटीला वास येतो."

"तिच्या जास्त येतो! आधी तिने धुवायची!"

सुपारीने नारळाची शेपटी सोडली. "नाही धुणार जा! आधी त्याने..."

"आधी तिने!"

"आधी त्याने!"

मोहरी निघालीच होती सुपारीकडे. लुटुलुटु, लुटु...

आणि ती थांबली.

या भांडणात कुणाला वेळ घालवायचाय? कालच्यासारखी पुन्हा सगळ्या घराला फेरी? नको रे बाबा!

मोहरीने ठरवलं. ती सरळ सुपारी आणि वाटाण्याच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आज आधी मी," ती म्हणाली. आणि तिने आपली शेपटी वर केली. अगदी वाटाण्याच्या नाकासमोर.

"हे काय?" वाटाणा म्हणाला. "मी नाही! आधी तिने..."

त्याने "आ" केला आणि शेपटी गेली तोंडात!

"म्म्म्म्म्म!" वाटाणा म्हणाला.

मोहरीने सुपारीची शेपटी धरली, सुपारीने नारळाची, मिरीने वाटाण्याची, आणि गाडी निघाली, झुकुझुकु झुकुझुकु!