गैरहजरांच्या बैठका

"म्हंजे नुस्तं रगात बघून कळतंय, इजा कुठं झालीया ते?" ईश्वरा वस्तादांनी विचारलं.

डॉ. उदय चौगले खुशीत हसले. लहानपणी याच वस्तादांच्या तालमीत त्यांनी लाल माती अंगाला लावली होती. आज शिकवायची पाळी त्यांची होती.

"कळतं की. अवयव दुखावला की त्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं. त्याचे प्रकार तीन. एक अंगातल्या स्नायूंचं, एक हृदयाचं, एक मेंदूचं. कुठलं वाढलंय ते बघायचं."

"माझं?"

"हृदयाचं ठीक. मेंदूचंही ठीक."

"मेंदूचं घावलं तरी? नवल हाय."

डॉक्टरांना हसू आलं नाही.

"स्नायूंचं भलतंच वाढलंय, वस्ताद. स्नायू झिजायचा आजार असू शकतो. उद्या मांडीचा तुकडा काढून तपासू. आणि तालमीत आता पाऊल टाकायचं नाही. कायमचं."

वस्ताद सुजलेल्या मांड्यांवरून हात फिरवत राहिले...

"रगताला येवढं इचारलंस. मला इचारलं न्हाईस, परवा काय केलं म्हणून."

डॉक्टर चपापले. "काय केलंत?"

"नागपंचमी हुती. बैठका मारल्या."

"या वयात? किती?"

"मोजाय कोण हुतं?"

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. अति बैठकांनीही तेच एन्झाइम वाढतं; म्हणजे बहुधा आजार नव्हताच. उद्याची सुरी टळली. भरपूर पाणी, विश्रांती, आठवड्यानं पुन्हा रक्त. मग मात्र त्यांना रागच आला.

"पण इतक्या कशाला मारायच्या?"

"इसरलास व्हय?" वस्ताद म्हणाले.

आणि डॉक्टरांना तालमीची रीत आठवली. नागपंचमीला जो पोरगा येणार नाही, त्याच्या वाट्याच्या बैठका वस्तादांनी मारायच्या. आपल्यापायी म्हातारं दमायला नको, म्हणून पोरं तापातसुद्धा धावत यायची. ताक-हळद घातलेल्या मातीचा तो वास, ओळीनं वाकणाऱ्या त्या पाठी... काय दिवस होते ते! मग बारावी आली, आणि उदय घरी अभ्यासाला बसला. पुन्हा कधी गेलाच नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला.

"परवा... कोण कोण आलं नाही?"

"कोनबी न्हाई आलं."

"मग सगळ्यांच्या तुम्ही...?"

वस्तादांनी शड्डू ठोकायला हात उचलला. कळ आठवली, तसा अलगद मांडीवर टेकवला.

"तुझ्या शेवटाला ठिवल्या हुत्या, लेका. तितं पाय गेलं."