राहिलेले शब्द

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. तुमच्या आजोबांच्या आजोबांनीसुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेलीच.

एका डोंगराच्या अल्याड एक गाव होतं आणि पल्याड दुसरं. मधे एक खिंड. दोन्ही गावांची भाषा वेगळी. देवघेव चाले, कधी कुरबुरी होत, पण सगळं निभावून नेणारी एक म्हातारी अल्याडच्या गावात होती. ती पल्याडची लेक, लग्न होऊन इकडे आलेली. तिला दोन्ही भाषा येत. सगळे तिला आई म्हणत.

म्हातारी थकली, तेव्हा गावाने भिवा नावाच्या हुशार तरुणाला तिच्याकडे शिकायला बसवलं. पाटील म्हणाला, "तू फक्त शीक. तुझं शेत तुझा थोरला भाऊ बघेल."

भाऊ आनंदाने दोन शेतं नांगरू लागला.

म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली, "भिवा, आधी भांडणाचे शब्द शिकू. हद्द, विनंती, मुदत, नुकसान, शपथ. रूक्ष आहेत, पाठ व्हायला जड आहेत. पण वेळेला तेच लागतात."

"शिकू की, आई. आज जरा गाणं सांग."

भिवा आळशी नव्हता. सकाळपासून बसायचा. पण बसायचा ते गाण्यांना, कोड्यांना, थट्टामस्करीला. जे येत होतं तेच पुन्हा पुन्हा घोटायचा, कारण त्यात चुकायची भीती नव्हती. पल्याडचे लोक बाजाराला आले की तो त्यांना हसवून हसवून बेजार करी. गाव कौतुकाने बघे. भिवालाही वाटू लागलं, आता आपल्याला भाषा आली.

"ते शब्द?" म्हातारी विचारी.

"तेवढेच तर राहिलेत. बसू एकदा निवांत."

दोन वर्षं अशी सरली. थंडीत म्हातारीने अंथरूण धरलं. तेव्हा भिवा धावत आला, उशाशी बसला. "आई, सांग आता. सगळे सांग."

पण तिची जीभ जड झाली होती. ओठ हलत, शब्द उमटत नसत. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्याला पाटलाने विचारलं, "सगळं शिकून झालं ना रे?"

भिवाने भावाकडे पाहिलं. उन्हाने रापलेला भाऊ अभिमानाने हसत होता.

"झालं," भिवा म्हणाला.

त्या उन्हाळ्यात पल्याडचे झरे आटले. एके सकाळी तिकडचे लोक गुरं घेऊन खिंडीतून उतरले आणि गावच्या तळ्याशी थांबले. गाव गोळा झालं. पल्याडचा मुखिया पुढे येऊन बराच वेळ बोलला.

भिवाला तळं कळलं, अमावास्या कळली, निघून जाणं कळलं. मधले शब्द कळले नाहीत. 'पुन्हा सांगा' एवढं म्हणणं त्याला येत होतं. पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्याने अंदाज बांधला.

"अमावास्येच्या आत तळं सोडून निघून जा, म्हणतोय."

"आमचंच तळं आम्ही सोडायचं?" कुणीतरी ओरडलं. पहिला दगड कुणी मारला ते कळलं नाही. मग काठ्या निघाल्या, कुऱ्हाडी निघाल्या. ऊन कलायच्या आत तळ्याकाठी दोन्हीकडची माणसं पडली होती. त्यांत भिवाचा भाऊ होता.

पल्याडचा मुखिया चिखलात शेवटचे श्वास घेत होता. भिवा जवळ गेला, तेव्हा तो लहान मुलाला सांगावं तसं अगदी सोप्या शब्दांत बोलला, "गुरं तहानलेली. अमावास्येपर्यंत पाणी द्या. मग आम्ही घरी जातो. एवढंच मागितलं."

चिता पेटल्यावर वहिनीने विचारलं, "भावजी, काय म्हणाले होते ते लोक?"

भिवाने खरं सांगितलं.

कुणी त्याच्यावर हात उगारला नाही.  वहिनी एवढंच म्हणाली, "वेळ नव्हता का हो तुम्हाला?"

 वेळ तर होता. भावाने स्वतःच्या घामातून तो काढून दिला होता.

पुढे पल्याडच्यांनी खिंड दगडांनी बुजवून टाकली. भिवाला ते शब्द शिकायचे होते, अगदी मनापासून शिकायचे होते. पण शिकवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

म्हणून मुलांनो, ध्यानात ठेवा: आवडीच्या धड्यात वेळ घालवून जो नावडता धडा मागे टाकतो, त्याच्या राहिलेल्या धड्याची शिक्षा दुसऱ्यांना भोगावी लागते.