मागं कोण असतं?

"हे कैदी डोळे मिटा म्हटलं तर मिटत नाहीत, बुवा. मग शिकवायचं कुणाला?"

मोरेश्वर तुरुंगाच्या दारातच आबाजीबुवांना विचारत होता. शिष्य बुवांचाच. एकदा ध्यानाला बसला की तासन्‌तास हलायचा नाही, आणि ते चारचौघांना ठाऊक असावं एवढीच त्याची इच्छा.

आमचे हे त्या तुरुंगात शिपाई. तासातासाला घंटेचे टोल देण्याचं काम ह्यांचं. तिथलं जे पाहत ते जेवताना मला सांगत, घास हातात तसाच ठेवून. आता हे नाहीत. तुरुंगाच्या अंगणातला तो लिंबही नाही. पण तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही.

जेलरसाहेबांनी बजावलं होतं, "आज कुणी बसलं नाही, तर उद्यापासून हे ध्यान बंद. सगळ्यांना कामाला लावीन."

बुवा आत गेले.

लिंबाखाली कैद्यांच्या रांगा. समोर मोरेश्वर.

"मिटा डोळे."

कुणी मिटेना. बयाजी म्हणून एक होता, खुनाची जन्मठेप. तो तर मान वळवून सारखा मागंच बघे.

मोरेश्वरानं एक डोळा किलकिला केला. "बयाजी, उघड्या डोळ्यांना देव दिसत नाही."

"ऱ्हाऊ द्या. मागचा दिसला म्हंजी झालं."

रांगेत खसखस पिकली. बुवा हसले नाहीत.

"मागं कोण असतं रे, लेकरा?"

"कोन बी असतंय, बुवा… बराकीत भिंतीकडंची जागा घावली तर डोळा लागतो. न्हाई तर रात उजाडंपातुर जागाच."

बुवा उठले. गुडघे धरत बयाजीच्या मागं गेले, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून खाली बसले.

"आता मी हाय."

बयाजी ताठला… मग सैलावला. हळूहळू त्याची मान खाली आली.

गिनतीच्या वेळी कैदी जोडीजोडीनं बसत, ती सवय अंगात मुरलेली. कुणी सांगितलं नाही, पण एकेक जोडी वळली. पाठीला पाठ लागली. डोळे मिटले. लिंबाचं पान पडलं तरी ऐकू यावं, असं अंगण झालं.

टोलाची वेळ झाली. ह्यांनी हातोडा उचलला. जेलरसाहेबांनी नुसता हात वर केला…

ह्यांनी हातोडा खाली ठेवला.

"सबंध नोकरीत तेवढा एकच टोल राहिला," हे म्हणायचे, आणि मग पाणी मागायचे.

त्या शांततेत बयाजी घोरायला लागला.

मोरेश्वर तरातरा आला. "बुवा, हा तर झोपला. ह्याला ध्यान म्हणायचं?"

"हळू बोल."

"मी इतकी वर्षं बसतोय, बुवा…"

बुवा जागचे हलले नाहीत. मान तेवढी वर केली.

"कुणाच्या पाठीला?"