आधी तुम्ही, दादा

फार फार पूर्वी, म्हणजे मागच्या मंगळवारी, एका रेडिओच्या सर्किट बोर्डावर दोन कपॅसिटर राहायचे, थोरला आणि धाकटा. चिमुकल्या चिपला वीज भरवणं हे त्यांचं काम. पण दोघंही भलतेच सभ्य.

"आधी तुम्ही भरवा, दादा."

"छे छे, आधी तू."

वीज दोघांमध्येच झोके खात राहिली. उपाशी चिपला चक्कर आली आणि रेडिओ खरखरला.

दुरुस्तीवाल्या नलूताईंनी मध्ये एक रेझिस्टर बसवला. तो प्रत्येक फेरीत थोडी वीज खायचा.

"अहो, हे काय?" धाकटा ओरडला.

"तुमचं चालू द्या," रेझिस्टर तोंड पुसत म्हणाला.

दोघांनी घाबरून उरलेली वीज चिपला भरवली.

रेझिस्टरला सगळे खादाड म्हणतात. खाऊन खाऊन तो गरमही झालाय. चिप मात्र त्यालाच टेकून बसते.