जखूबाबाचं सलग कापड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार ते विचारू नका. आमच्या खांडवेलीत दोन म्हातारे एका आकड्यावर कधी आलेले नाहीत, आणि मला भांडणं लावायला आवडत असलं तरी आज गोष्ट पुरी करायची आहे. एवढं धरून चला की तेव्हा नदीला पूल नव्हता, आमच्या देवळावर, म्हणजे चर्चवर, पत्र्याऐवजी गवत होतं आणि माझे पणजोबा जिवंत होते. या गोष्टीत ते आहेत. त्यांची अब्रू मला राखता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा खांडवेलीची आमची वस्ती नवी-नवी ख्रिस्ती झालेली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, जिल्ह्याहून घोड्यावर यायचे, तेही वर्षातून एकदाच, कापणीच्या सणाला. त्या दिवशी प्रभुभोजन. ज्वारीची भाकर मोडायची, मनुका भिजवलेल्या पाण्याचा पेला हातोहात फिरवायचा. प्रभूने आपल्यासाठी देह दिला, रक्त सांडलं, त्याची ती आठवण. त्या एका घासाची लोक वर्षभर वाट बघायचे.

इतकं साधं. पण साधं ते साधं राहू दिलं, तर मंडळीच्या वडिलांनी करायचं काय? आमच्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना वडील म्हणतात. माझे पणजोबा शिलास हे त्यांतले थोरले. त्यांनी एक रीत काढली. भोजनाला बसणाऱ्याने खांद्यावर पांढरं उपरणं घ्यायचं. आणि त्या उपरण्याला, नीट ऐका, माणसाच्या नीतिमत्त्वाप्रमाणे लाल काठ! जो अगदी चोख, त्याला तीन काठ. जो बरा, त्याला दोन. जो कसाबसा, त्याला एक. आणि ज्याला एकही नाही, त्याने बाहेर लिंबाखाली बसायचं आणि आतल्यांच्या चावण्याचा आवाज ऐकायचा.

तीन काठ कोणाला होते? अख्ख्या गावात एकालाच. ओळखा.

पणजोबा दारात स्टुलावर बसायचे आणि एकेकाला विचारायचे. किती रविवार चुकवलेस? ताडी घेतलीस का? स्तोत्र पाठ म्हण. लोक घाबरून पाठ केलेलं विसरायचे आणि काठ गमावायचे. देवासमोर जायला भीत नव्हते एवढे त्या स्टुलासमोर जायला भीत होते, असं म्हणतात.

ही उपरणी विणायचा तो जखऱ्या विणकर. गाव त्याला जखूबाबा म्हणायचं. ओढ्याच्या काठावर त्याची झोपडी, झोपडीत माग, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर बसलेला. माणूस हसरा आणि तिरकस. त्याच्या धोट्याचा खटक-खटक आवाज नदीपलीकडच्या गावात जायचा आणि तिथल्या सासवा त्या आवाजावर सुनांना कामाला लावायच्या, असं म्हणतात. वडील सांगतील तसे काठ तो घालून द्यायचा. त्याला स्वतःला किती? एक. तोही विणकर हवा म्हणून दिलेला.

आता सोनाबाईचं सांगतो. इथून पुढे मला राग येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

दुष्काळाच्या साली सोनाबाईचा नवरा गेला. पदरात दोन लेकरं, चुलीत राख. देवळाच्या कोपऱ्यात पेरणीसाठी बियाण्याची कणगी होती. तिने त्यातून ओटीभर ज्वारी नेली. कोणी पाहिलं नव्हतं. पाऊसपाणी झाल्यावर ती आपण होऊन वडिलांपुढे गेली आणि म्हणाली, "मी नेली. लेकरं भुकेली होती. पण चोरी ती चोरीच. प्रभूपाशी रडले, आता तुमच्यापाशी सांगते."

पणजोबा काय म्हणाले? म्हणाले, "सोने, पाप झालं, तर त्याच्या तोडीचं पुण्य नको का? दर शनिवारी देवळाचं अंगण सारव. पुरं झालं की मी सांगेन."

सारवलं तिने. पहिल्या सणाला दारात येऊन तिने विचारलं, "झालं का वो पुरं, वडील?"

"अजून थोडं राहिलंय, सोने."

दुसऱ्या सणाला विचारलं. अजून थोडं. तिसऱ्या सणाला विचारलं. अजून थोडं. अकरा वर्षं! अकरा वर्षं ती बाई शेणाची पाटी घेऊन दर शनिवारी आली, आणि अकरा सण लिंबाखाली बसली. तिच्या हाताने गुळगुळीत केलेल्या अंगणावरून दोन काठवाले, एक काठवाले चपला वाजवत आत गेले, आणि एकाच्याही घशात घास अडकला नाही. मी असतो तर पाटीच उलटी केली असती, स्टुलावर. तिने केली नाही. तिला खरंच वाटायचं की कुठेतरी काहीतरी कमी पडतंय.

बाराव्या वर्षी तिला खोकल्याने धरलं. वैद्याने नाडी पाहिली आणि नजर चुकवली. यंदाची कापणी कशीबशी, पुढची ही बाई बघत नाही, हे गावाला कळलं, तिलाही कळलं. ती काठी टेकत जखूबाबाच्या झोपडीत गेली.

"बाबा, एक इचारू? एका काठाला किती शनिवार लागत्यात?"

धोटा थांबला. नदीपलीकडे सुना थांबल्या.

"कशाला गं?"

"हिशेब लागंना मला. जीव जायच्या आत तेवढं भरून काढावं म्हनते. एकदा आत बसायचंय. एकच घास."

जखूबाबाने धोटा बाजूला ठेवला. मागाच्या खड्ड्यातून वर आला आणि तडक वडिलांच्या ओसरीवर गेला. पणजोबा दात कोरत बसले होते.

"वडील, सोनाचं किती राहिलं?"

"ते देवाला ठाऊक."

"देवाला ठाऊक हाय, तर मापं तुमी का घेताय?"

"जखू, तोंड सांभाळ. असं कुनालाही आत घेतलं, तर उद्या चोर येऊन पंगतीला बसतील."

"बसतील की! प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर कोन व्हता? पाटील व्हता का कुलकर्नी? चोरच व्हता. त्याला प्रभू म्हनला, आजच तू माझ्यासंगं सुखलोकात असशील. त्यानं किती अंगन सारवलं व्हतं?"

"ते येगळं!"

"काय येगळं? मी विणकर हाय, मला एवढंच कळतं. लेकरू जन्मतं ते उघडं. 'आधी सूत काढ, मग तुला गुंडाळते' असं कोनती आय म्हनती? विनलेलं असतं, म्हनून पांघरता येतं. आपलं नीतिमत्त्व प्रभूनं विनलं, सोताच्या जिवानं. आपन इश्वासानं हात पुढं करायचा. आन वडील, त्याच्या अंगरख्याला शिवन नव्हती. वरपास्नं खालपातुर सलग. त्याला खिळे ठोकनाऱ्या शिपायांनीबी तो फाडला न्हाई, कुनाला जावा त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. आन आपन फाडतोय! तुला तीन काठ, तुला दोन, तुला कायबी न्हाई!"

"तू विन. शास्त्र मी बघतो," पणजोबा म्हणाले. आमच्या घराण्यात उत्तर सुचलं नाही की असंच बोलतात.

जखूबाबा परत आला तो संतापलेला. वडिलांवर तर होताच, पण जास्त स्वतःवर. ते काठ घातले कोणी? याच हातांनी! तीन दिवस माग बंद राहिला. चौथ्या दिवशी तो हसत बाहेर पडला आणि घरोघर गेला.

"काठांचा रंग इटलाय वो. सण आलाय. आना इकडं, ताजे करून देतो."

सगळ्यांनी भराभरा उपरणी काढून दिली. शेवटी तो पणजोबांकडे गेला. "वडील, तुमच्या तीन काठांत बसत न्हाई तुमचं नीतिमत्त्व. चौथा घालू का?"

पणजोबांनी आधी नको म्हटलं. मग आत जाऊन पेटी उघडली. मग म्हणाले, "तू म्हनतोस म्हनून." आणि उपरण्याची घडी त्याच्या हातावर ठेवली.

जखूबाबाने काय केलं असेल? सगळी उसवली! धागा-धागा सुटा केला. तीनवाल्याचे, दोनवाल्यांचे, एकवाल्यांचे, सगळ्यांचे काठ एका ढिगात. कोणाचं नीतिमत्त्व कोणतं, तो ढीग बघून सांगता आलं असतं तर मी मिशी काढली असती. लाल धाग्यांच्या लडी त्याने ओढ्याच्या पाण्यात धरल्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र होऊन वर आल्या, बगळ्याच्या पंखासारख्या. पाणी मात्र लाल झालं नाही. असं म्हणतात.

मग तो विणायला बसला. धोटा जायचा, धोटा यायचा, कापड वाढायचं आणि सूत काही संपायचं नाही. गुंडाळी झोपडीत मावेना, दारातून बाहेर आली. ओढ्यावर पाणी प्यायला आलेली गुरं त्या कापडाला वळसा घालून गेली, एकाही खुराचा डाग पडला नाही. असं म्हणतात.

सणाचा दिवस उजाडला. पाळकसाहेब घोड्यावरून उतरले. बघतात तर देवळाच्या दारात गोंधळ. कोणाच्याच खांद्यावर उपरणं नाही! दोन काठवाला कोण, एक काठवाला कोण, काही कळेना. लोक एकमेकांकडे चोरून बघत होते, जणू कपडेच नेले कोणी. आणि मधोमध माझे पणजोबा, उघड्या खांद्यांनी, लालबुंद.

"जखू! माझे काठ कुठं हायेत?"

"हितंच हायेत की, वडील," जखूबाबा म्हणाला, आणि त्याने गुंडाळी सोडली.

एकच कापड. जोड नाही, शिवण नाही, काठ नाही. एक टोक पाळकसाहेबांच्या हातात, आणि तिथून ते पंगतीतल्या एकेकाच्या खांद्यावरून सरकत निघालं. पाटलाच्या गड्याच्या खांद्यावरून, ताडी पिणाऱ्या लाजरसच्या खांद्यावरून, स्तोत्र विसरणाऱ्या पोरीबाळींच्या डोक्यावरून. उंबरा ओलांडून ते अंगणात आलं आणि लिंबाखाली बसलेल्या सोनाबाईच्या खांद्यावर येऊन टेकलं.

ती घाबरली. तिने ते काढायला हात लावला. "माझं पुरं झालं न्हाई वो अजून."

जखूबाबा तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुझं कधीच पुरं व्हनार नव्हतं, माय. माझंबी न्हाई, त्या स्टुलावरल्याचंबी न्हाई. पुरं प्रभूनं केलं. वधस्तंभावरनं 'पुरं झालं' असं बोललाबी तो. खरं वाटतं का तुला?"

तिने खांद्यावरचं कापड बोटांनी चाचपलं. खोकल्याची एक उबळ आली, गेली. मग म्हणाली, "वाटतं."

"मग ऊठ. भाकर गार व्हतीय."

पाळकसाहेबांनी पहिला घास सोनाबाईला दिला. लोक रडले. माझी पणजी रडली. आणि पणजोबा? ते रागाने बाहेर पडले आणि लिंबाखाली जाऊन बसले! ख्रिस्ती झाल्यापासून एक रविवार चुकवला नव्हता त्या माणसाने, आणि फुकट मिळतंय म्हणून उपाशी बसला. "मी कमावलं व्हतं," एवढंच म्हणत होते. "मी कमावलं व्हतं."

मला त्यांचा राग येतो, आणि नंतर कीवही येते. फुकट घ्यायला फार मोठं काळीज लागतं, आणि आमच्या घराण्यात ते उशिरा उगवतं.

सोनाबाई घास चावत बाहेर आली. कापड तिच्यामागून उलगडत आलं, अजूनही संपलेलं नव्हतं. पणजोबांना म्हणाली, "वडील, जमिनीवर बसलाय त्ये बरं केलं. जागा चांगली हाय. अकरा वर्सं मीच सारवलीय."

आता या बोलण्यात टोमणा होता की माया, यावर खांडवेलीत अजून दोन तट आहेत. मी दोन्ही तटांना गुपचूप पाठिंबा देतो. पण तिने कापडाचा पदर त्यांच्या उघड्या खांद्यावर टाकला, आणि त्यांनी तो झटकला नाही, यावर दोन्ही तट एक आहेत. पणजोबांना आतला घास तिनेच आणून दिला. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला, असं म्हणतात.

पुढच्या शनिवारी काय झालं माहीत आहे? सोनाबाई पाटी घेऊन हजर! पणजोबा धावले. "आता का गं, सोने? आता काय राहिलंय?"

"कायबी राहिलं न्हाई, म्हनूनच," ती म्हणाली. "बाजूला सरा, पाय भरतील."

माघात ती गेली. शांतपणे, दुपारी, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. जखूबाबाने त्या कापडातून हातभर तुकडा कापला आणि तिच्या खांद्यावर घातला. कापड पहिल्यांदा कापलं गेलं ते तेव्हा. दुसऱ्यांदा पणजोबांसाठी, चार वर्षांनी. जखूबाबा स्वतः कधी गेला, ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. एके सकाळी माग बंद होता, खड्ड्यात कोणी नव्हतं, आणि मागावर हातभर कापड कापल्याची खूण तेवढी होती. असं म्हणतात.

खांडवेलीत आता विणकर नाही. आम्ही कापड सोलापूरहून आणतो, सलग, बिनकाठाचं, आणि त्याला जखूबाबाचं कापड म्हणतो. कापणीच्या सणाला ते लिंबाकडच्या टोकापासून पांघरायला सुरुवात होते. मंडळीच्या वडिलांच्या खांद्यावर सगळ्यात शेवटी येतं. मागे एकदा कमिटीतल्या एका शहाण्याने कापडाला काठ लावून त्यावर देणगीदारांची नावं छापायचा ठराव मांडला होता. त्याचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही. त्याची चप्पल आठ दिवस सापडली नाही, एवढंच.

आणि गावात कोणाचंही मरण झालं, ख्रिस्ती असो की नसो, सज्जन असो की तुरुंग बघून आलेला असो, हातभर कापड त्याच्या दारात जातं. नेणारा म्हणतो, "जखूबाबाकडून आलंय." घरातलं कोणी 'आमचा माणूस फार चांगला होता हो' असं सुरू करायला लागलं, की म्हातारी माणसं ओठांवर बोट ठेवतात. काही सांगायचं नसतं. हात पुढे करायचे असतात.